आमेन म्हणेपर्यंत

ज्याला धीर हवा असेल त्यानं रविवारी चर्चमध्ये जावं, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. चर्चमधून बाहेर पडलेल्या माणसाला मात्र सगळ्यात आधी चहा हवा असतो. उपासना साडेनवाची. म्हणजे पावणेदहाला पेटीवाले मास्तर पेटीवरचं फडकं काढतात, दहाला पाळकसाहेब पुलपिटापाशी येतात आणि सव्वादहाला आमचे मोठे काका. काकांची वेळ इतकी पक्की की दुसरं गीत चालू असताना दारात त्यांच्या चपला वाजल्या नाहीत, तर माणसं गाता गाता माना वळवतात. एखाद्या रविवारी काका आलेच नाहीत, तर दुपारी दोनच्या आत निदान तिघंजण घरी हजर. "काय झालं? बरं आहे ना?" काकांना काहीही झालेलं नसतं. पण तिघांसमोर तसं सांगायची चोरी, म्हणून ते कपाळाला बाम लावून पडून राहतात. तिघंही आळीपाळीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि संध्याकाळी काका म्हणतात, "खरंच हलकं वाटतंय हो."

डोकं दुखतच नव्हतं तर हलकं काय झालं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर आजीनं मला पवित्र शास्त्रातल्या शंकेखोर माणसांची यादी ऐकवली. सुरुवात थोमापासून केली आणि शेवट माझ्यापाशी.

हे सगळं नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आजी प्रार्थनेत अजून नगरच म्हणते. वर पत्ता बदलल्याचं कळवायची गरज नसते, असं तिचं म्हणणं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली १८३१ साली, 'ज्ञानोदय' हे त्यांचं नियतकालिक निघालं १८४२ साली. येशूची बातमी मराठीत छापून यायला लागली त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी रेल्वेतला शेजारी आमचं आडनाव ऐकून खूश होतो आणि पहिलं नाव ऐकून विचारतो, "मग तुम्ही मूळचे गोव्याचे का?" आम्ही म्हणतो, "नाही हो, राहुरीच्या अलीकडचे." त्याचा विश्वास बसत नाही. मग डबा उघडतो, त्यातून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी निघते, आणि त्याची खात्री पटते.

ही मिशनची माणसं काँग्रिगेशनल परंपरेतली. ह्या परंपरेत चर्चचा कारभार वरून येत नाही, मंडळीनंच तो सभेत बसून चालवायचा असतो. अमेरिकेत ह्याचा जो अर्थ होत असेल तो होवो. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की प्रत्येकाला मत आहे आणि ते त्याला आत्ताच मांडायचं आहे. पुढं २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्हेपणी द्यावा की जाणतेपणी, असले शतकानुशतकं भिजत पडलेले प्रश्न. चाळीस वर्षं बोलून का होईना, मार्ग निघाला. आमच्या चर्चमधला पंख्याचा प्रश्न मात्र अजून आहे तिथंच आहे.

हा पंखा कुणीतरी आईच्या स्मरणार्थ दिलेला. बाबा तेव्हा पंचकमिटीवर होते. ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसांच्या बाकांवर लावा, त्यांना उकडतं. सेक्रेटरीकाका म्हणाले, म्हाताऱ्यांना वारा बाधतो, गायनमंडळावर लावा. म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नाही. गायनमंडळाला विचारलं, पण त्यांच्यात दोन तट पडले. शेवटी ठराव होऊन पंखा मधोमध लागला, जिथून येण्याजाण्याची वाट आहे आणि जिथं कुणीच बसत नाही. तेव्हापासून बाबा आणि सेक्रेटरीकाका एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे 'जय ख्रिस्त' म्हणतात. महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी, हातही मिळवतात. मनात किल्मिष ठेवून प्रभुभोजन घ्यायचं नसतं. सोमवारपासून किल्मिष पुन्हा चालू.

पाळकसाहेबांनी एकदा दोघांना समोरासमोर बसवलं. बाबा घरून बायबलमध्ये खूण घालूनच गेले होते: प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरावा. पौल आणि बर्णबा, दोघंही प्रेषित, दोघांनी मिळून केवढा मुलूख पालथा घातलेला. पण मार्काला पुन्हा बरोबर न्यायचं की नाही ह्यावरून त्यांचं इतकं बिनसलं की बर्णबा जहाजानं कुप्र बेटाकडे गेला आणि पौल सूरियाकडे.

"त्यांना निदान जायला गावं तरी होती," सेक्रेटरीकाका पाळकसाहेबांकडे बघत म्हणाले. "आम्ही दोघं एकाच गल्लीत राहतो."

त्या जुन्या भांडणात मी बर्णबाच्या बाजूचा. मार्क पहिल्या प्रवासात मधेच सगळं टाकून यरुशलेमला परतला होता. असला कच्चा गडी पौलाला नको होता आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही. बर्णबानं मात्र त्याला उचलून बरोबर घेतलं. पुष्कळ वर्षांनी तीमथ्याला लिहिताना पौलानंच निरोप धाडला की येताना मार्काला घेऊन ये, माणूस उपयोगाचा आहे. आमच्या पेटीवाल्या मास्तरांची जात बर्णबाची. माझा चुलतभाऊ नववीत असताना गायनमंडळात जायचं म्हणून हटून बसला. त्याचा आवाज मोठा आणि स्वतंत्र. मास्तरांनी काळी चार दिली की तो आपल्या मनानं दुसरीच एखादी पट्टी शोधून काढायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. गायनमंडळानं लेखी तक्रार केली. मास्तर म्हणाले, "आवाज आहे ना? मग सूर येईल." आणि त्याला आपल्या शेजारी, पेटीला खेटून उभा केला. सूर आला नाही. आजतागायत आलेला नाही. पण दर शनिवारी तो सरावाला जात राहिला, दहावीला गणितात आपटला तेव्हासुद्धा तोंड लपवून का होईना गेला, आणि सराव संपल्यावर मास्तरांनी त्याला थांबवून घेऊन बीजगणित शिकवलं. ते मात्र आलं. आता तो बँकेत आहे आणि चर्चचे हिशेब तपासतो. गाणं चालूच आहे.

आमच्या गाण्याबद्दल एवढंच सांगतो. 'उपासना संगीत' हे आमचं पुस्तक, आणि त्यातली जी गीतं पुस्तक न उघडता म्हटली जातात त्यांतली पुष्कळशी नारायण वामन टिळकांची. टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली, आणि येताना अभंग आणि ओवी बरोबर घेऊन आले. त्यांच्या गीतांना पेटी, टाळ, ढोलकी काहीही चालतं. प्रश्न येतो तो इंग्रजी चालींच्या जुन्या गीतांचा. ती बायकांची बाजू अर्धी ओळ पुढं राहून म्हणते, पुरुषांची बाजू अर्धी ओळ मागं, आणि मास्तर दोन्हींच्या मधे एकटे. शेवटच्या 'आमेन'ला तिघांची गाठ पडते आणि सगळे एकमेकांकडे समाधानानं बघतात.

संदेशाच्या वेळी ज्यांना झोप लागते त्यांना आमच्याकडे हिणवत नाहीत. त्यांनाही शास्त्राचा आधार आहे. त्रोवस इथं पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांना वाटलं, गेला. पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं, जीव आहे म्हणून सांगितलं आणि वर येऊन पुन्हा पहाटेपर्यंत बोलत बसला. ह्या गोष्टीवर आमच्या चर्चमध्ये कुठल्याच पाळकसाहेबांनी संदेश दिलेला मला आठवत नाही. मोठ्या काकांना मात्र ती पाठ आहे.

सहनशीलतेची खरी परीक्षा गुड फ्रायडेला. दुपारी बारा ते तीन. वधस्तंभावरचे सात उद्गार आणि त्यांच्यावर बोलायला सात वक्ते. प्रत्येकाला वीस मिनिटं दिलेली असतात. ती त्याला कळवलेलीही असतात. पहिला उद्गार क्षमेचा. तो बहुधा एखाद्या सेवानिवृत्त मुख्याध्यापकांकडे जातो, आणि ते क्षमेवर इतका वेळ बोलतात की शेवटी त्यांनाच क्षमा करायची वेळ येते. दुसरे त्यांच्याहून कमी पडू इच्छित नाहीत. पाचवा उद्गार तहानेचा. तो सुरू होतो तेव्हा बाहेर एप्रिलचं ऊन, आत उपाशी माणसं, आणि वक्ता घोटभर पाणी पिऊन बोलायला लागतो. त्या क्षणी मंडळीच्या मनात काय येतं ते लिहिण्यासारखं नाही. सहावा उद्गार काम पुरं झाल्याचा. तो कानावर पडताच मागच्या बाकांवर चेहरे उजळतात. मग आठवतं की अजून सातवा आहे.

तरी दुसऱ्या वर्षी बाकं पुन्हा भरलेली. उन्हातान्हात, अन्नपाण्यावाचून सात भाषणं ऐकायला माणसं येतात ती भाषणांसाठी येत असतील असं मला वाटत नाही. माझ्या शेजारी दर वर्षी एक आजीबाई बसतात. त्यांच्या हातात वहीचा पुठ्ठा असतो. तो त्या स्वतःला दोनदा आणि मला एकदा, अशा हिशेबानं तीन तास हलवत असतात. चौथ्या उद्गाराला, देवानं सोडून दिल्याच्या त्या उद्गाराला, त्यांचे डोळे दर वर्षी भरतात. त्यांचा मुलगा गेला त्याला बराच काळ लोटला. डोळे पुसताना पुठ्ठा थांबतो. मग माझ्या वाटणीचे राहिलेले झटके त्या भरून काढतात. आणि समोर वाटेवर तो पंखा गरगर फिरत असतो, कुणालाही वारा न घालता.

धीराचा विषय निघाला की आमच्या घरात टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, वजन जास्त. आजीच्या उशाशी बायबल आणि बायबलखाली लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई मुकाट मागून गेली नाही. काही वर्षं दूर राहिली, मग आली तरी आपली चूल वेगळी मांडली, आणि ख्रिस्ती झाली ती स्वतःला पटल्यावर. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, ते नंतर तिनंच पुढं नेलं. आणि हे सगळं सांगताना हसली. जास्त करून नवऱ्याला हसली. आजीचं मत असं की ज्या घरात नवऱ्याला हसायची मुभा असते त्या घरात श्रद्धा टिकते. आजोबांच्या हयातीत तिनं ही मुभा भरपूर वापरली असावी. आजोबांची एक शिकवण म्हणून सांगायला तिला फक्त त्यांच्या घोरण्याच्या गोष्टी आठवतात.

आता घरच्या प्रार्थनेबद्दल. रात्री साडेआठला, जेवणाआधी. आधी गीत, मग वाचन, मग प्रार्थना. वाचनाची पाळी लागलेली असते. बाबांना भूक लागली असली की ते एकशेसतरावं स्तोत्र काढतात. त्यात दोनच वचनं आहेत. ही युक्ती आत्याच्या लक्षात आली. ती माहेरी आली की एकशेएकोणिसावं काढते. त्यात एकशेशहात्तर आहेत, आणि ती ती सगळी वाचते. आजीचा आग्रह असा की शास्त्र सलग वाचावं, काही गाळू नये; म्हणून आम्ही पहिल्या इतिहासाचे पहिले नऊ अध्यायही वाचले आहेत. त्यात जवळजवळ निव्वळ नावं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. धाकटे काका म्हणाले, "हे वाचून काय उपयोग?" आजी म्हणाली, "तुझ्या लग्नात मी पाचशे माणसांची नावं लिहिली. देवाला स्वतःच्या माणसांची लिहू देत नाहीस?"

मग आजीची प्रार्थना. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि आमेन म्हणेपर्यंत मधे कुणाला बोलता येत नाही. आमच्या घरात एवढं संरक्षण दुसऱ्या कुठल्याही बोलण्याला नाही, हे आजीनं फार पूर्वी ओळखलं.

"हे प्रेमळ बापा, तुला तर ठाऊकच आहे की धाकट्यानं दोन महिने फ्रिजचा हप्ता भरलेला नाही."

देवाला ठाऊक असेल. धाकट्या काकूला नव्हतं. डोळे मिटलेले असूनही तिनं काकांकडे बघितल्याचं सगळ्यांना जाणवलं.

"त्याचं दुकान चालत नाही. लाजेनं तो कुणाला सांगत नाही. मलाही त्यानं सांगितलं नाही, वाण्यानं सांगितलं. त्या वाण्याला आशीर्वाद दे. आणि थोरल्या सुनेच्या हाताला तू चव दिलीस त्याबद्दल तुझे उपकार मानते. मिठाच्या बाबतीत तिच्यावर अजून थोडी कृपा कर."

आजीच्या प्रार्थनेनंतर दुसऱ्या कुणालाही प्रार्थना करायची मोकळीक असते. सहसा कुणी करत नाही, कारण भाजी निवते. त्या रात्री आई म्हणाली, "हे प्रभो, आमच्या वडीलधाऱ्यांचं ब्लडप्रेशर तुझ्या हाती आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय हे ज्यांना आठवत नाही त्यांना तू आठवण दे..." इतक्यात आजीनंच मोठ्यानं "आमेन" म्हणून टाकलं.

जेवताना हप्त्याचा विषय कुणीही काढला नाही. आजीच्या बायबलमध्ये नहूमच्या पुस्तकापाशी घरचे अडीअडचणीचे पैसे असतात. त्या पानांकडे सहसा कुणी वळत नाही, चोर तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीआधीच नहूम वाचत असलेले दिसले. संध्याकाळी धाकटे काका वाचत होते. तोंडानं कुणी कुणाला काही विचारलं नाही की सांगितलं नाही. महिन्याभरानं मोठ्या काकांनाही नहूमची गोडी लागली, ती कशामुळं ते मला आजही माहीत नाही. पुढं धाकट्या काकांनी दुकानात मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स सुरू केलं, दुकान बरं चालायला लागलं, आणि हंगामाच्या सणाला त्यांनी भोपळा घेतला.

भोपळा घेतला म्हणजे काय ते सांगायला हवं. हंगामाच्या सणाला माणसं आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, ऊस, वांगी, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. ज्यांना शेत नाही ते मंडईतून आणतात. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो. बाजारात दहाला मिळणारं लिंबू इथं दीडशेला जातं आणि घेणारा ते पुन्हा लिलावात ठेवतो. भोपळा हा मानाचा. लिलाव पुकारतात सेक्रेटरीकाका, आणि बाबांनी बोली लावली की त्यांना हटकून कमी ऐकू येतं. त्या वर्षी धाकट्या काकांनी भोपळ्याला अकराशे म्हटलं. काकूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सेक्रेटरीकाका थांबले. त्यांना गल्लीतलं सगळं ठाऊक असतं, हप्त्याचंही होतं. त्यांनी "अकराशे एक, अकराशे दोन" असं इतक्या सावकाश म्हटलं की काकांना मागं फिरायचं असतं तर चारदा फिरता आलं असतं. काका फिरले नाहीत. पुढं पंधरा दिवस आम्ही भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचे घारगे खाल्ले. आजीनं रोज त्याबद्दल उपकार मानले. आठव्या दिवसापासून आमेन जरा बारीक आवाजात यायला लागलं.

मागच्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं आणि त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. पुढं तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. आमची मंडळी ते पहिले सात दिवस गाळूनच येतात. दवाखान्यात एका वेळी दोघांना सोडायचे. आमचे अकराजण एकमेकांचे सख्खे भाऊ होऊन वर आले. एकानं बाबांना त्याच्या मेहुण्याला कसा दुसरा झटका आला ते सविस्तर सांगितलं. मग प्रार्थना. ती लांबली. नर्स आत आली ती बाहेर काढायलाच, पण ती निघाली केरळची, चर्चला जाणारी. हात जोडून उभी राहिली आणि आमेन म्हणाली. मग बाहेर काढलं. शेजारच्या खाटेवर एक वारकरी आजोबा होते. ते म्हणाले, "माउली, इतकं मागितलंच आहे तर माझ्या गुडघ्याचंही सांगा की." महिला मंडळाच्या बाई पुन्हा आत आल्या आणि गुडघ्यासाठी वेगळी प्रार्थना झाली. आजोबांनी 'रामकृष्ण हरी' म्हटलं, बाईंनी 'जय ख्रिस्त'.

इकडं आत्यानं हरेगावच्या मतमाउलीला नवस बोलून टाकला. आम्ही प्रोटेस्टंट, नवस आमच्यात बसत नाही, आणि हरेगावची यात्रा कॅथलिक मंडळींची. आजीला कळल्यावर आता काय होतं म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो. आजीनं विचारलं, "किती मेणबत्त्या बोललीस?" सप्टेंबरात आत्या यात्रेला गेली तेव्हा आजीही बरोबर गेली. बांगड्या घ्यायला.

रात्री दवाखान्यात कुणी थांबायचं ह्याची पाळी मंडळीनं आपसांत लावून टाकली. आम्हाला फक्त कळवली. दुसऱ्या रात्री दाराशी उभे सेक्रेटरीकाका. हातात पाण्याची बाटली, बगलेत उशी. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. काका स्टुलावर बसले. पुढचं मला शेजारच्या वारकरी आजोबांनी सांगितलं, कारण त्यांना झोप येत नव्हती आणि त्यांची चांगलीच करमणूक झाली. पहाटे तीनच्या सुमारास बाबा घामानं जागे झाले. काका उठले, कपाळ पुसलं, पाणी दिलं, आणि बटणापाशी जाऊन म्हणाले, "पंखा वाढवू का?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्यांना वारा बाधतो."

"मी तेव्हा तुला म्हातारा म्हटलं नव्हतं."

"मग कुणाला म्हटलं होतंस?"

पंचकमिटीची ती जुनी सभा तिथं पहाटे पुन्हा भरली. ठरावाला अनुमोदन कुणाचं होतं इथपर्यंत गाडी आली तेव्हा नर्स धावत आली, दोघांना दटावलं, बाबांचं ब्लडप्रेशर घेतलं. ते ठीक होतं. सकाळी आम्ही चहा घेऊन गेलो तेव्हा बाबा खडखडीत आवाजात म्हणाले, "ह्या माणसाला पुन्हा पाठवू नका." पाळीप्रमाणं सेक्रेटरीकाका चौथ्या रात्री पुन्हा आले. बाबा आठ वाजल्यापासून दाराकडं बघत होते.

घरी आल्यावर पहिल्या रात्री आजीनं उपकारस्तुतीची प्रार्थना केली. तिनं डॉक्टर, नर्स, रिक्षावाला, वारकरी आजोबा आणि त्यांचा गुडघा, कुणालाच वगळलं नाही. मग ती डब्यांवर आली. मंगळवारी कुणाकडून वरणभात आला, बुधवारी कुणाकडून पेज आली, कुणी पथ्य माहीत असून सुकट पाठवलं आणि ते प्रेमानं कोणी खाल्लं, सगळं नावानिशी. "आणि हे प्रभो, निळ्या झाकणाचा स्टीलचा डबा आमच्याकडं राहिलाय. तो ज्या बहिणीचा असेल तिला आठवण दे."

आठवण जास्तच झाली. रविवारी पाळकसाहेबांनी निवेदनांत डब्याचा उल्लेख केला आणि डबा टेबलावर, दानाच्या थैल्यांशेजारी ठेवला. उपासना संपल्यावर तीन बहिणी पुढं आल्या. तिघींनीही तो ओळखला. एकीनं तर बुडाशी पोचा कुठं आहे तेही न बघता सांगितलं, आणि पोचा तिथं होता. दुसरी म्हणाली, पोचा माझ्या डब्यालाही आहे. आजीनं सुचवलं की शलमोन राजाच्या पद्धतीनं डबा कापायला काढावा. तिसरी म्हणाली, "काढा, झाकण तेवढं मला द्या." प्रकरण आता पंचकमिटीपुढं आहे. सेक्रेटरीकाकांचं मत एका बाजूला आहे, आणि बाबा, डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं असतानाही, सभेला जाऊन दुसरं मत मांडून आले.